उलट चालवलेली रेषा

गेल्या उन्हाळ्यात, पीएचडीच्या सादरीकरणाच्या आदल्या दिवशी सकाळी, माझ्या धाकट्या बहिणीने प्रबंधातली शेवटची आकृती मागे घेतली. मी समोर बसून आमच्या वर्तमानपत्राचे उद्याचे पान तपासत होतो.

तिचा विषय हलत्या भांड्यातल्या द्रवाचा. भांडे खालून ठरावीक जोराने हलवत राहिले की पृष्ठभागावर पट्टे उमटतात. किती जोराला कोणते पट्टे टिकतात, हे समीकरणातून शोधायचे. एका जोराचे उत्तर मिळाले की जोर किंचित बदलायचा आणि जुन्या उत्तराच्या आधाराने नवे शोधायचे. अशी उत्तरे जोडत गेले की रेषा तयार होते. ती काही ठिकाणी मागे वळते. तिथे जोर बदलण्याचे पाऊल मोठे पडले, तर संगणक शेजारच्या दुसऱ्याच रेषेवर जातो आणि काही तक्रार करत नाही.

रुंद आणि अरुंद पट्ट्यांच्या रेषा एकमेकींना जोडलेल्या आहेत, हा तिच्या शेवटच्या प्रकरणाचा दावा होता. तो मान्य झाला तरच प्रबंध दाखल करता येणार होता.

त्या आठवड्यात नवी पेठेमागच्या आमच्या गल्लीत देखभालीसाठी वीज बंद राहणार होती. तिच्या लॅपटॉपची बॅटरी टिकत नसे. वीज जाण्याआधी काम संपावे म्हणून तिने पाऊल मोठे केले. आकृती सुबक आली, दोन्ही रेषा जोडलेल्या दिसल्या. पाऊल पुन्हा लहान करायचे राहून गेले.

त्या सकाळी तिने तीच रेषा उलट दिशेने चालवली. निघाली होती तिथे रेषा परतली नाही.

"दादा, उडी मारलीय की ह्यानं."

"मग उद्या दुरुस्ती सांगून टाक."

"तुमच्या पेपरसारखी? आतल्या पानावर, कोपऱ्यात?"

तिने मार्गदर्शकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"सर, त्या रेषा जोडलेल्या नाहीत. निदान मला तसं दाखवता येत नाही."

"आत्ता सांगतेस? परीक्षकांची गाडी कुर्डुवाडीपर्यंत आलीय की!"

"हो सर."

"आकृती काढली तर उरतं काय?"

"वळण उरतं. रेषा सुलट चालवा की उलट, ते दोन्हीकडून येतंय."

"मग स्टेशनवर तूच जा त्यांना आणायला. मी नाही सांगणार."

ती गेली. परीक्षकांना तिने रिक्षातच सांगितले. सादरीकरण ठरल्या वेळी, त्या आकृतीविना झाले. वळणाचा भाग मान्य झाला. प्रबंध दाखल करण्याची परवानगी मिळाली नाही. शेवटचे प्रकरण पुन्हा करायला सांगण्यात आले.

लहान पावलांनी ते काम सुरू आहे. आज सकाळपर्यंत त्या दोन रेषा एकमेकींना मिळालेल्या नाहीत.