व्हिएन्नाऐवजी क्युबेक

व्हिएन्नाच्या व्हिसासाठी मिळालेली तारीख मधुकरकाकांच्या परतीच्या विमानानंतरची होती. त्यामुळे युरोप पाहायला आम्ही शुक्रवारी सकाळी टोरोंटोहून मोटारीने निघालो. गाडी चालवत होता काकांचा मुलगा मंदार, टोरोंटोजवळच्या वॉटर्लूत सॉफ्टवेअरमध्ये असलेला माझा मित्र.

"क्युबेक सिटी म्हणजे युरोपच आहे, बाबा. फक्त व्हिसा लागत नाही," तो म्हणाला.

युरोप आठ तासांवर होता. वाटेत दोनदा कॉफी मिळाली.

काकांची मागणी एकच होती. नागपुरात चाळीस वर्षं हार्मोनियम दुरुस्त केल्यावर त्यांना एकदा चर्चमधला मोठा ऑर्गन ऐकायचा होता.

जुनं क्युबेक दगडी आहे, चढावर आहे आणि मेपल सिरप विकतं. मंदारच्या यादीत अकरा ठिकाणं होती, प्रत्येकी पंधरा मिनिटं. शनिवारी तटबंदी झाली, तोफा झाल्या. हिरव्या छपराचं हॉटेल फोटोत मावावं म्हणून मंदार रस्त्यावर आडवा झाला. जेवायला पुतीन (तळलेल्या बटाट्यांवर चीज आणि गरम रस्सा) मागवलं.

"कुरकुरीत तळून मग भिजवतात काऊन?" काकांनी विचारलं.

चर्चच्या दाराबाहेर काकांनी सवयीने बूट काढले. आत ऑर्गन वाजत होता, पण एकच सूर. थांबायचा, पुन्हा तोच. पर्यटक कंटाळून बाहेर पडत होते. फलकावर लिहिलं होतं, कार्यक्रम बुधवारी. काकांचं विमान मंगळवारी होतं.

"मॉडर्न म्युझिक असेल," मंदार म्हणाला.

"सूर लावून राहिला तो," काका म्हणाले. "अजून चढा आहे."

ऑर्गनच्या नळ्यांच्या मागून एक दाढीवाले गृहस्थ शिडीने उतरले. माझ्या मोडक्या फ्रेंचमध्ये कळलं ते असं: ते वर नळ्या सुरात लावत होते, पण खाली पट्टी दाबणारा त्यांचा सहकारी तापाने आजारी होता. म्हणून प्रत्येक सुराला ते स्वतः उतरून पट्टीवर वजन ठेवत आणि पुन्हा चढत.

"पट्टी मी दाबतो म्हणा त्यांना," काका म्हणाले.

"बाबा, अजून चार पॉइंट राहिलेत!"

"तू बघून ये. फोटो पाठव."

वरून 'सुइव्हाँ' (पुढचा) अशी हाक यायची आणि काका पुढची पट्टी दाबायचे. थोड्या वेळाने सूर जुळताच, हाकेआधीच काका पुढची पट्टी दाबू लागले. गृहस्थांनी वाद घातला नाही. दीड तासात मंदार चारही ठिकाणं एकट्याने उरकून आला.

शेवटी खालचे काही सूर नंतरसाठी ठेवून गृहस्थ उतरले आणि म्हणाले, "आता तुम्ही काही वाजवा."

काकांनी उजव्या हाताने भूप सुरू केला. डावा हात पट्ट्यांच्या मागे गेला आणि नसलेला भाता हलवू लागला.

"हवा मोटर भरते, महाशय," गृहस्थ म्हणाले. मी भाषांतर केलं. काकांनी हात मांडीवर घेतला. तो तिथेही हलत राहिला. सूर मात्र छतापर्यंत गेला. मंदारने फोन खिशात ठेवला. त्यामुळे अख्ख्या सहलीत फक्त याच जागेचा फोटो नाही.

रविवारी परतताना मी हिशेब मांडला: युरोप पाहून झाला, संगीताचा कार्यक्रम मात्र एकही ऐकला नाही. मंदारलाही बहुधा तेच टोचत होतं.

"पुढच्या वर्षी नक्की व्हिएन्ना, बाबा. आत्तापासून अप्लाय करतो."

"ते राहू दे," काका म्हणाले. "खालचे सहा सूर लावायचे राहिलेत. बुधवारच्या आत त्यांचा माणूस बरा झाला का, तेवढं मला कळव."