माझी बदली आणि आईचे घावणे

कंपनीने माझ्यावर प्रेम करायचं ठरवलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पूर्वी बदली झाली की हातात कागद पडायचा आणि माणूस मुकाट ट्रंक उचलायचा. आता म्हणे वयाप्रमाणे काळजी! नवीन पोरांना हॉस्टेल आणि रूम पार्टनर, लेकुरवाळ्यांना शाळेत ॲडमिशन आणि माझ्यासारख्या छप्पन्न वर्षांच्या घोड्याला काय हवं ते विचारायला खास मुलगी घरी येणार होती. बदली नागपूरला होती.

मला मुलुंड सोडायचं नव्हतं. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो : कॅरम. दर रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात आमचा डाव रंगतो, तो बायकोचा तिसरा फोन येईपर्यंत. (क्वीन माझ्यासारखी कोणी कव्हर करून दाखवावी!) पण साहेबांना कॅरम कसं सांगणार? म्हणून अर्ज खरडला : 'मातोश्री अंथरुणाला खिळून आहेत. पत्नीचा व्यवसाय इथेच आहे. सबब बदली रद्द व्हावी.' शनिवारी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि घरी येऊन तालीम सुरू केली.

"आई, उद्या ती मुलगी आली की तू फक्त कण्हायचं."

"कित्याक? माका काय धाड भरलीहा?"

"नाटक गं! आणि वैशाली, तू सांगायचंस, पिको-फॉलची गिऱ्हाइकं तोडता येणार नाहीत."

"नाहीच येणार," बायको म्हणाली. तिच्या बाजूने मी निश्चिंत होतो.

रविवारी कंपनीची ती मुलगी, तनया, आली. (माझा कॅरम बुडवून!) आमची लिफ्ट गेलं वर्षभर 'दोन दिवसांत' सुरू होणार असल्यामुळे पोरगी चार माळे चढून धापा टाकत होती. आईने ठरल्याप्रमाणे एकदा छान कण्हून घेतलं. तेवढ्यात तनया म्हणाली, "जरा पाणी मिळेल का? सकाळपासून काही खाल्लं नाहीये."

वाट लागली! मालवणी बाईच्या घरात पाहुणी उपाशी? अंथरुणाला खिळलेल्या मातोश्री टुणकन उठल्या, पदर खोचला आणि बिडाच्या तव्यावर घावणे घालायला लागल्या.

"आई, तुला उठवत नाही ना!" मी दातओठ खात म्हणालो.

"गप रे मेल्या! पोर उपाशी आसा!"

"आजी, तुम्ही आजारी आहात ना?" तनयाने विचारलं.

"मी? गेल्या गणपतीत एकवीस नारळ खवलंय मी एकटीन!"

पाचवा घावणा संपवून तनयाने विचारलं, "आजी, नागपूरला घर बघायचं तर तुम्हाला कसं हवं?"

आईने तव्याखालचा गॅस बंद केला. मग हळूच म्हणाली, "तळमजलो व्हयो. लिफ्ट बंद पडली तशी मी भुईक पाय लावक नाय गो."

मला खरंच वाईट वाटलं. वर्षभर मी कॅरमसाठी चार माळे उतरत होतो आणि आईला एकदाही काही विचारलं नव्हतं. पण धड वाईट वाटून घ्यायलाही वेळ मिळाला नाही, कारण तनया आता वैशालीकडे वळली होती.

"काकू, मशीनसाठी वेगळी खोली मिळाली तर?"

"वेगळी खोली? दरवाजासकट?"

"हो."

"कडी आतून?"

"आतूनच."

"कधी निघायचं?"

"अगं, तुझी गिऱ्हाइकं?" मी ओरडलो.

"नागपूरच्या बायका काय साड्या नेसत नाहीत?"

मी शेवटचा हुकमी एक्का काढला. "आई, तिकडे समुद्र नाही! मासे कुठून आणणार?"

"नदीतले मिळतात ना, आजी. मासेवाली मी शोधून देईन," तनया म्हणाली.

"झकास! गोड्या पाण्याचे कशे लागतत ता तरी बघूया!"

चार दिवसांत घर मिळालं. तळमजला, पुढे अंगण, कडी आतून! आईने तवा गोणपाटात बांधलासुद्धा. तिचा तो उत्साह बघून मीही मनातल्या मनात कॅरमला रामराम ठोकला. आणि अर्ज? तो साफ विसरलो!

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. डोळे ओलसर. "परब, एवढी मोठी अडचण आणि बोलला नाहीस? बदली रद्द! घरी जा, आईजवळ बस."

घरी गेलो. आईजवळ बसायची हिंमत झाली नाही, दारातूनच सगळं सांगितलं.

"मी खिळलंय?" आई कडाडली. "माका जिती असताना खिळवलंस?"

वैशालीने कागद आणि पेन माझ्यासमोर आपटलं आणि म्हणाली, "लिही. मी सांगते."

मी लिहिलं : 'मातोश्री ठणठणीत आहेत. पत्नी केव्हाही निघायला तयार आहे. आमच्या कुटुंबात अडचण एकच आहे, आणि ती म्हणजे मी स्वतः.'

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बदली पुन्हा मंजूर केली. तो कागद नागपूरच्या ऑफिसात माझ्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावलेला आहे आणि येणारा-जाणारा तो उघडून वाचतो. माझ्या सहीखाली साहेबांनी लाल शाईने एकाच शब्दाचा शेरा मारलाय : 'सहमत.'