दहा लाख तीन

कापसाचे व्यापारी रहीमभाई अकोल्याहून अंजनगावास आमच्या ओट्यावर येऊन उभे राहिले आणि काहीच बोलेनात, तेव्हा मी शहाण्यासारखा उपरण्याखालून हात पुढे केला. कापसाचा सौदा आमच्याकडे असाच होतो; कापडाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, शेजाऱ्याला कळू द्यायचा नाही. मला वाटलं, भाव इतका चढला की भाईंची वाचाच बसली. त्यांनी माझा हात धरला, पण एकही बोट दाबलं नाही. "तुमचे साळे गेले," म्हणाले. "परवा बाजारात, असाच माह्या हातात हात होता. बोटं थांबली... मले वाटलं, भाव वाढवून राहिले."

पुंडलिकराव माझ्या बायकोचे थोरले भाऊ. अकोल्यात त्यांना भेटून मी नुकता घरी पोचलो होतो. त्यांचा धंदा दलालीचा. कापसाच्या या तेजीत दिवसभर दुसऱ्यांचे हिस्से पाडून द्यायचे आणि घरी येऊन अशी संख्या शोधायची, जिचे सारखे हिस्से पडतच नाहीत. दहा लाख तीनवर त्यांचा जीव जडला होता.

"दोनानं जात नाही, म्हणजे झालं की," मी म्हणालो होतो. जावई म्हणून हसले नाहीत, एवढंच. "दोनानं नाही, तं चारानं, सहानं बी नाही. तेवढे वाचले. पण तीन, पाच, सात, अकरा... जे सोता फुटत नाहीत, ते सारे लावून पाहा लागतात."

"दहा लाखांपर्यंत?"

"हजारापर्यंत. हजाराहून मोठ्यानं भाग गेला, तं त्याचा जोडीदार हजाराच्या आतच राहीन. तो आंधीच भेटला असता."

शेवटच्या भेटीत खुशीत होते. "नऊशे एक्क्याण्णव झाला, जवाईबुवा. आता एकच उरला, नऊशे सत्त्याण्णव."

"मग करून टाका."

"आजच केला तं उद्या काय करू?"

तो उद्या बाजारातच संपला. बायको रडली नाही. तेरवी झाली तरी नाही; भाकरी थापता थापता मध्येच हात थांबायचा, बस्स. मला धास्ती वाटायची. एकदाच तिनं विचारलं, "दादाचं ते झालं होतं का?" एक राहिला, म्हणालो. करून पाहायची माझी छाती नव्हती. त्या एकानं भाग गेला, तर माणसाचा सगळा खटाटोप मोडणार होता.

परवा दुपारी तिनं पाटी माझ्यापुढे ठेवली. "भागा."

भागलं. बाकी शून्य. पाटी तिच्याकडे फिरवली. तिनं पाटीकडे पाहिलंही नाही, माझं गणित तिला ठाऊक आहे. "पुन्हा," म्हणाली. हातचा विसरलो होतो. या खेपेस बारा उरले. ताळा घेतला, बाराच.

तिचा हात उपरण्याखाली घेतला, आधी दहाची खूण दाबली, मग दोन बोटं.

"बारा," ती म्हणाली. "फुटला नाही मंग दादाचा आकडा." हात तसाच राहू दिला तिनं. "आता रडू द्या मले."