खरकट्याची वाट

सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोरं अभ्यास कमी अन् उद्योग जास्त करतात, त्यामुळं किस्से काय, पोत्यानं जमतात! आमचा प्रोजेक्ट तर विचारूच नका. हॉस्टेलच्या मेसमधलं वाया गेलेलं अन्न वाळवायचं, जाळायचं अन् थोड्या सिमेंटच्या जागी ती राख काँक्रीटमध्ये घालायची. माझी पार्टनर चुडावा गावची प्रज्ञा. तिला नोकरी लागलेली, फक्त पास व्हायचं बाकी. प्रोजेक्ट बुडाला की नोकरी बुडाली!

*

मेसच्या सुमनमावशींना म्हणलं, "मावशी, उरलेलं अन्न द्या ना."

मावशींनी मायेनं ताट वाढलं.

"खायला न्हाई, जाळायला पाहिजे."

ताट परत ओढलं त्यांनी! "इतका वाईट सैपाक करायले का मी?"

*

उरलेला भात गच्चीवर वाळत घातला. परभणीचं ऊन, दुपारपर्यंत कुरकुरीत! संध्याकाळी बघतो तर निम्मा माल गायब. वॉचमनकाका काहीतरी कुडुमकुडुम चावत म्हणाले, "पोरींनो, सांडगे लय अळणी झालेत बरं का!"

*

जाळायला बसलो तर शेजारच्या क्वार्टरमधल्या काकू धावत आल्या. "अगं, गॅस बंद करा, भात करपायलाय!"

प्रज्ञा शांतपणे म्हणाली, "काकू, अजून नीट करपला न्हाई."

*

राख घालून केलेले पेव्हर ब्लॉक दाब तपासायच्या मशिनीत टिकले. पण आमचे सर म्हणाले, "लोकांच्या पायाखाली टिकतात का, ते परीक्षक बघणार. लॅबपुढं वाट करा."

केली. प्रज्ञानं हौसेनं पाटी लावली, 'ही वाट अन्नापासून बनली आहे.' झालं! एक माणूस पाय ठेवीना. सगळे बाजूच्या चिखलातून! खुद्द सर उडी मारून लॅबमध्ये शिरले. "अन्नाला पाय कसा लावू गं?"

प्रज्ञा रडकुंडीला आली. मला तर असला राग आला!

*

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. वाट नवीकोरी. "कुणी वापरली न्हाई?"

प्रज्ञानं खरं ते सांगून टाकलं, "सर, अन्न हाय म्हणून कुणी पाय ठेवत न्हाई."

परीक्षक खाली वाकले. बूट काढले, बगलेत धरले अन् एकेक ब्लॉक पायानं दाबून बघत लॅबच्या दारापर्यंत गेले. एकही हलला न्हाई.

"पक्कं काम आहे. पास!"

प्रज्ञानं मला मिठीच मारली.

परीक्षक दारातच उभे. बूट घातले, वाटेकडं बघितलं अन् हळूच म्हणाले, "पोरींनो, आता मला बाहेर जायला दुसरी वाट दाखवा."