चंपतरावांचा खर्ज

जैनथच्या बसस्टँडमागे सुधाकररावांचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. फाटलेला कागदी कोन बदलायचा, जळालेली कॉइल पुन्हा गुंडाळायची, हे काम ते बेल्लमपल्लीत शिकले आणि तीस वर्षं करत आहेत. लग्नांसाठी, गणपती मंडळांसाठी त्यांनी बनवलेला बॉक्स वाजला की समोरच्या दुकानांची शटरं थरथरतात. गिऱ्हाइकाला तेच हवं असतं. त्यापायी त्यांच्या डाव्या कानाला आता कमी ऐकू येतं, पण ते कोणाला सांगत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात जयवंताबाई दुकानात आल्या. भाजीचा मळा करणारे त्यांचे यजमान चंपतराव दिवाळीनंतर वारले होते. भजनात ते मागे बसून खर्जात साथ द्यायचे, म्हणून सुधाकरराव त्यांना ओळखत. मुलीनं, अश्विनीनं, वडील मळ्यातली विहीर खणल्याची हकिकत सांगत असताना मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं. जयवंताबाईंनी ते लावलं. डब्यातून आल्यासारखा पातळ आवाज निघाला.

"हा त्यायचा आवाज नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन रोज हाच आयकते मी. आता आठवाले गेलं का हाच येते. खरा येतच नाही."

सुधाकररावांनी त्यांना समजावलं, की खर्ज त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, पण मोबाइलचा नखाएवढा स्पीकर तो बाहेर काढू शकत नाही. त्यांनी दुकानातल्या सगळ्यात मोठ्या बॉक्सवर तेच वाजवलं. वरचे पत्रे झणझणले. जयवंताबाईंनी मान हलवली. ते घरात असे बोलत नसत, एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुधाकरराव एक लहान लाकडी बॉक्स घेऊन त्यांच्या घरी गेले. कोपऱ्यात ठेवला तर आवाज घुमायला लागला. त्यांनी तो वीत-वीत पुढे ओढला. खोलीच्या मधोमध बाजेवर बसलेल्या जयवंताबाईंना मग खर्ज ऐकू येईचना. खोलीत जाड आवाज भिंतीपाशी साठतो आणि मध्ये हरवतो, हे सुधाकररावांना ठाऊक होतं. त्यांनी बाज भिंतीला लावायला सांगितली.

"आता उलीसा कमी करा," त्या म्हणाल्या.

त्यांनी बेसचं बटण मागे फिरवलं. पुन्हा थोडं मागे. तीस वर्षांत इतका कमी बेस त्यांच्याकडे कोणी मागितला नव्हता.

जयवंताबाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी डोळे मिटले. "राहू द्या. हे तेच आहेत."

सुधाकररावांनी रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं आणि दार ओढून ते ओट्यावर जाऊन बसले. भिंतीतून शब्द कळत नव्हते, नुसता खर्ज येत होता. घरात माणूस निवांत बोलत असावा तसा.

जळणाला पऱ्हाटीच्या काड्यांचा भारा घेऊन चाललेल्या शेजारच्या भागाबाई थबकल्या.

"घरात कोन बोलून राह्यलं?" त्यांनी हळूच विचारलं.

सुधाकररावांनी रेकॉर्डिंगचं सांगितलं. भागाबाईंनी भारा खाली ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि आवाज थांबेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या.

जयवंताबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. मोबाइलवर आता ऐकणार नाही, म्हणाल्या. आणि रोजही नाही. मग त्यांनी दोघांनाही चहाला आत बोलावलं.