अर्धी टाकी

टाकी काठोकाठ भरलेली असली की गाडा उतारावरून गरीब गाईसारखा येतो आणि अर्धी रिकामी झाली की अंगावर धावून येतो. ओझं उतरल्यावर माज चढतो, हे कुठलं गणित? बलगासिमला हे कोडं काही केल्या सुटेना.

गाडा त्याने स्वतःच जोडला होता. जुन्या पेजो पिकअपचा आस, भंगारातलं लोखंड, वर पाण्याची टाकी, पुढे ट्रॅक्टर. तताविन गावाच्या दक्षिणेला, वाळवंटात, उन्हाळा असल्या गाड्यांवरच निघतो. टाकी लाकडी बैठकीत, आसाच्या जराशी पुढे बसवलेली, म्हणजे थोडा भार ट्रॅक्टरच्या कडीवर यावा. वरून पोलादी पट्टे. कामाला नाव ठेवायला त्याने जागा ठेवली नव्हती, आणि हे तो दिसेल त्याला ऐकवायचा.

तरी लाल घाटात गाड्याने दोनदा ट्रॅक्टरला कड्यापर्यंत ढकलत नेलं. दुसऱ्या वेळी पुढचं चाक हवेत लोंबलं. घाटाखाली त्याची बहीण मबरूका लेकरं-मेंढ्या घेऊन तळ देऊन होती. पाण्याची फेरी बंद केली तर तिला भर उन्हात तळ उठवावा लागणार. चालू ठेवली तर एक दिवस हा जिवाला मुकणार.

त्याने पट्टे आवळले, टायर बदलले. चहाच्या टपरीवर कुणी ब्रेकला दोष दिला, कुणी घाटातल्या जिन्नाला. जिन्न बलगासिमला मान्य होता, पण फक्त अर्ध्या टाकीवर बसणारा जिन्न त्याच्या पचनी पडेना.

आणि टाकी अर्धी व्हायचीच. वाटेत कुठल्याही तंबूतून कुणी हात केला की थांबायचं, पाणी द्यायचं. पाण्याला नाही म्हणायची जीभ त्या मुलखात कुणालाच नाही.

एका सकाळी त्याची बायको गझाला तिकाटण्याला टांगलेली विरजल्या दुधाची कातडी पखाल हलवून लोणी काढत होती. त्याने सहज विचारलं, गळ्यापर्यंत का भरत नाहीस?

"गळ्यापर्यंत भरली तर दूध हलेल कुठे? लोणी यायला आत धावायला जागा लागते, हमेदच्या बापा. जन्मभर खाताय, एवढं ठाऊक नाही?"

त्याने पखाल स्वतः धरून हलवली आणि हात एकदम थांबवला. दूध थांबलं नाही. मागून येऊन तळव्यावर थडकलं. तो खुळ्यासारखा पुन्हा पुन्हा तेच करत बसला, आणि गझालाचं लोणी लांबलं.

अर्ध्या टाकीतलं पाणीही असंच धावतं, हे त्याने टपरीवर सांगितलं. कुणीतरी म्हणालं, मग वाटेत पाणी देऊ नकोस. तो तडक घरी आला. टाकी सुकवली, तोंडाचं झाकण उघडं ठेवून आत उतरला आणि पाण्याच्या वाटेत पत्र्याच्या आडव्या भिंती डागून टाकल्या, वर-खाली भोकं ठेवून: पाणी झिरपावं, पण धावू नये. घामाने निथळत बाहेर आला तेव्हा तो खुशीत होता.

शोध माझ्या पखालीचा, म्हणत गझालाही निघाली. वाटेत हात करील त्याला पाणी देत ते घाटमाथ्यावर पोचले. तिथे त्याने ट्रॅक्टर थांबवला.

"तू उतर. इथून दिसतं सगळं."

त्याला भीती वाटत होती, हे तिला कळलं. ती उतरली.

तो हळूहळू उताराला लागला. मागे पाणी कुरकुरलं, भिंतींशी हुज्जत घालत राहिलं, पण धडकलं नाही. वळण गेलं. दुसरंही गेलं.

खाली मबरूका भांडी घेऊन धावली, टाकीवर टकटक करून हिरमुसली.

"दादा, आज अर्धीच?"

बलगासिम ट्रॅक्टरवरून उतरला. तो चाकाशेजारी खालीच बसला.

"अर्धीच, बाई," तो म्हणाला. "अर्धी आणता यायलाच एवढा उन्हाळा गेला."