नसीमआपांच्या नायिकेचा होकार

तुम्ही कधी स्वतः लिहिलेली प्रेमकथा ओळखीच्या माणसांसमोर मोठ्यानं वाचली आहे का? आम्ही वाचायचो! लातूरला, महादेवअप्पांच्या कापड दुकानामागच्या खोलीत, दुकान बंद असायचं त्या दिवशी. अप्पा रहस्यकथा लिहायचे. बांगड्यांच्या दुकानातल्या नसीमआपा प्रेमकथा लिहायच्या. मी दोघांचं शुद्धलेखन तपासायचे, कारण मी मॅट्रिक! छापून आलं थोडंच, किस्से मात्र ढीगभर साठले.

त्या दुष्काळाच्या वर्षी आपांच्या दोन कथा पुण्याच्या एका मासिकाकडून परत आल्या होत्या. "आता तिसरी. ही बी वापस आली तर लिहिणं बंद!" त्यांनी जाहीर केलं. मग आम्ही सगळेच त्या कथेच्या मागे लागलो.

*

पहिल्या खर्ड्यात नायक-नायिका पावसात चिंब भिजत होते.

अप्पांनी विचारलं, "आपा, ह्यो पाऊस कोणत्या तालुक्यात पडला?"

"कथेत पडला!"

"मग लोक प्रेम सोडून पाऊसच वाचत बसतील की!"

पाऊस कापला. दोघांना टँकरच्या रांगेत उभं केलं.

*

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. मी सुचवलं, नायकाला कलेक्टर कचेरीत क्लार्क करा, रुबाब येईल.

आपा वैतागल्या. "अप्पांचा डिटेक्टिव्ह कचेरीत, खुनी कचेरीत, आता माझा हिरो बी तिथंच? कचेरीला अजून धड इमारत न्हाई. हे सगळे बसणार कुठं?"

नायक अहमदपूर गाडीवर कंडक्टर झाला.

*

अप्पांचा सल्ला एकच असायचा. "सस्पेन्स पाहिजे! शेवटपर्यंत कळू द्यायचं न्हाई."

आपांनी तो मनावर घेतला. पुढचं वाचन संपल्यावर मी विचारलं, "आपा, हिचं प्रेम कंडक्टरवर आहे की टँकरच्या ड्रायव्हरवर?"

अप्पा खूश. "बघा! कळलं का? न्हाई ना!"

आपा म्हणाल्या, "मला बी कळंना झालंय!"

*

नायक मनातलं बोलणार कसा, यावर गाडी अडली. 'मी तुझ्यावर प्रेम करतो' असं आमच्याकडे कुणी बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"अप्पा, लग्नानंतर वहिनींना तुम्ही पहिल्यांदा काय म्हणालात?" मी विचारलं.

अप्पा लाजले. आतून वहिनींचा आवाज आला, "काय म्हणतेत? 'तागा नीट धर' म्हणले!"

*

शेवटी जमलं. कंडक्टर विचारतो, "येता का माझ्यासंगं?" ती खाली बघून म्हणते, "हाव." बस्स, कथा संपली. वाचताना आपांचा आवाज इतका हळू झाला की अप्पांनी चष्मा काढून पुसला.

मासिकाचं उत्तर आलं. 'कथा आवडली. मात्र शेवटी नायिकेला एकाएकी कसली हाव सुटते? तिथे “होय” करण्यास संमती द्या, दिवाळी अंकात घेऊ. अन्यथा क्षमस्व.'

अप्पा डोक्याला हात लावून हसले. "आपा, त्यांच्याकडं हाव म्हंजे लोभ! एका शब्दाचा तर सवाल हाय. करा होय."

मीही म्हणाले, "शुद्ध तेच आहे, आपा. आणि तिसरी कथा आहे ही."

आपांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाल्या, "माझी पोरगी 'होय' म्हणली, तर तो कंडक्टर बिचारा मागं वळून बघंल, कोण बोललं म्हणून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आपांनी मासिकाला पोस्टकार्ड टाकलं. त्यावर एकच शब्द होता : 'न्हाई.'